सातवीच्या चार वह्यांत एकच शब्द, ‘प्रमाण’. लेकीला नीट कसं समजावू?

सायंतारा

नमस्कार मंडळी. माझी लेक सातवीत आहे. मी रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सातला घरी पोचते आणि साडेसात ते नऊ आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसतो. ती तिचा अभ्यास करते, मी तिच्या वह्या वाचते. तपासण्यासाठी नाही. दिवसभरात तिच्या कानावर काय काय पडलं हे मला मनापासून जाणून घ्यायचं असतं. या वयात मुलं एका दिवसात गुणोत्तरापासून ज्वालामुखीपर्यंत आणि संधीपासून शिलालेखापर्यंत किती लांब जाऊन येतात, हे वह्या वाचायला लागल्यापासून मला कळलं.

गेल्या मंगळवारी भूगोलाच्या वहीत लाल फुली दिसली. प्रश्न होता, ‘१:१०,००० आणि १:१०,००,००० यांपैकी बृहत्प्रमाण नकाशा कोणता?’ तिनं दुसरा लिहिला होता आणि कारणही दिलं होतं, ‘कारण दहा लाख ही संख्या मोठी आहे.’ बरं, त्याच्या अर्धा तास आधीच तिनं गणितात अपूर्णांकांचा चढता क्रम लावला होता आणि १/१००० हा १/१०० च्या आधी ठेवला होता, जराही न अडखळता. मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघड्या ठेवल्या. तिनं नीट बघितलं आणि म्हणाली, “पण आई, हे गणित नाहीये ना. हा भूगोल आहे.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मग दोन रात्री बसून मी तिची सगळी पुस्तकं चाळली आणि ‘प्रमाण’ हा शब्द जिथे जिथे दिसला तिथे पेन्सिलीनं खूण केली. गणितात चार संख्या प्रमाणात असतात. भूगोलात नकाशाचं प्रमाण असतं आणि दोन धड्यांनंतर प्रमाणवेळ येते. विज्ञानात हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण, पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण. मराठीत प्रमाणभाषा आणि प्रमाणलेखन. हे सगळं तिला एकाच वर्षात, कधी कधी एकाच आठवड्यात शिकवलं जातं आणि प्रत्येक तासाला तो शब्द जणू नव्यानं जन्माला आल्यासारखा येतो. मी तिला विचारलं, प्रमाण म्हणजे काय? ती म्हणाली, “कोणत्या विषयातलं?”

मला हे इतकं लागण्याचं कारण माझ्या कामात आहे. आमच्याकडे रोज द्रावणं विरळ करावी लागतात. ‘१:४’ असं लिहिलेलं असलं की एक जण एक भाग नमुना आणि चार भाग पाणी घेतो, तर दुसरा एकूणच चार भाग धरून एकात तीन मिसळतो. दोघांना आपलंच बरोबर वाटतं आणि दोघांचे निकाल वेगळे येतात. म्हणून आमच्या वहीत मी नेहमी ‘एक भाग अधिक चार भाग’ असं पूर्ण लिहायला लावते. ही गोष्ट शाळेतच पक्की व्हायला हवी होती असं मला दर वेळी वाटतं. लेकीला विचारलं, वर्गात मुली आणि मुलगे २:३ असतील तर वर्गाचा कितवा भाग मुली? तिनं ‘दोन तृतीयांश’ सांगितलं. उत्तर दोन पंचमांश.

तर माझा प्रश्न असा. हा एक शब्द आहे की चार? तिला ‘हे सगळं एकच आहे’ असं सांगायचं, की ‘इथे वेगळा अर्थ, तिथे वेगळा’ असं? आणि नुसतं सांगून भागणार नाही हे मला दिसतंय. हातानं करण्यासारखं काही आहे का? शिक्षक मंडळींनी वेळ काढून लिहिलंत तर फार बरं होईल.

रेखावृत्त

ताई, मी एकवीस वर्षं भूगोल शिकवतोय. तुमच्या लेकीनं जे उत्तर लिहिलं ते दर वर्षी अर्ध्याअधिक वर्गाकडून येतं. तिची चूक समजुतीची आहे, निष्काळजीपणाची नाही. आधी एवढं तिला जरूर सांगा.

गोम ‘:’ या खुणेत आहे. गणितात १:१०,००० हे गुणोत्तर आणि ते १/१०,००० असंही लिहितात, हे मुलांना येतं. नकाशाच्या कोपऱ्यात मात्र त्यांना ती खूण एखाद्या नोंदणी क्रमांकासारखी दिसते. त्यातली मोठी दिसणारी संख्या तेवढी डोळ्यात भरते. असं अंकांत लिहिलेलं प्रमाण म्हणजे अंकप्रमाण, आणि ‘अंकप्रमाण म्हणजे अपूर्णांक’ हे वाक्य मी फळ्यावर लिहितोच, पण खरं काम होतं ते खोलीच्या आराखड्यानं.

घरातली एक खोली मोजा. समजा ती ४ मीटर बाय ३ मीटर निघाली. तिला आधी १:५० नं काढायला सांगा. ४०० सेंटिमीटर भागिले ५०, म्हणजे ८ सेंटिमीटर. दुसरी बाजू ६. त्यात टेबल बसवा. टेबल १२० बाय ६० सेंटिमीटरचं असेल तर कागदावर २.४ बाय १.२ येईल. त्यावर दिवा, वही, पेला, सगळं दाखवता येतं. मग तीच खोली १:१०० नं. ४ बाय ३ सेंटिमीटर. टेबल अजून काढता येतं, पण पेला म्हणजे नुसता ठिपका. मग १:५००. खोलीच ८ मिलिमीटरची, टेबल पेन्सिलीच्या टोकाएवढं. इथे बहुतेक मुलं स्वतःहून थांबतात आणि म्हणतात, आता काढता येत नाही. त्या क्षणी विचारायचं, मग १:१०,००,००० मध्ये ही खोली केवढी होईल? चार मीटर म्हणजे ०.००४ मिलिमीटर. टेबलच काय, सगळी खोली नाहीशी होते. यानंतर ‘बृहत्’ आणि ‘लघु’ हे शब्द सांगायचे. आधी सांगितले की ते पाठच केले जातात आणि परीक्षेत उलटे होतात.

एक महत्त्वाचं. बृहत्प्रमाण नकाशात जागा थोडी आणि तपशील भरपूर, लघुप्रमाणात जागा प्रचंड आणि तपशील मोजका. मुलांना वाटतं की जगाचा नकाशा ‘मोठा’, म्हणून तो बृहत्प्रमाण. ‘मोठं काय झालं, जागा की चित्र?’ हा प्रश्न तिला सारखा विचारत राहा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल, म्हणजे हा भूगोल की गणित. मी वर्गात एराटोस्थेनिसची गोष्ट सांगतो, कारण त्यात ते दोन वेगळे काढताच येत नाहीत. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातला हा माणूस इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेला सायीन नावाच्या गावी, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो हे त्याला माहीत होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात मात्र उभ्या काठीची सावली पडत होती. त्या सावलीवरून सूर्यकिरणांचा कोन निघाला पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा, म्हणजे ७.२ अंश. मग दोन गावांमधलं अंतरही पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा भाग असणार. अंतर ५,००० स्टेडिया (तेव्हाचं ग्रीक लांबीचं माप) धरलं होतं, गुणिले ५० म्हणजे २,५०,०००. आजच्या मापात ते उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ८०० किलोमीटर भरतं. गुणिले पन्नास करून बघा, ४०,००० किलोमीटर. पृथ्वीचा परीघ तेवढाच आहे. एक काठी, एक सावली आणि तिच्या गणिताच्या वहीतलं ‘चार संख्या प्रमाणात आहेत’ हे वाक्य. ७.२ : ३६० = ८०० : ४०,०००. हे समीकरण फळ्यावर मांडलं की दर वर्षी वर्गात थोडा वेळ कोणी बोलत नाही. त्या शांततेसाठी मी हा धडा इतक्या वर्षांनंतरही तितक्याच तयारीनं घेतो.

पाऊलखूण

माझा मुलगा सहावीत आहे म्हणून लिहितो. इतकं खोलात जायला रोज वेळ कुठून आणायचा? आम्ही त्याला सरळ सांगितलं, ‘खालची संख्या लहान तर नकाशा बृहत्’. पाठ केलं, गुण मिळाले. समज हळूहळू येईल. आठ विषय असतात हो मुलांना.

सायंतारा

@पाऊलखूण, तुमची अडचण मला पूर्ण कळते, रात्री नऊला माझेही डोळे मिटायला लागतात. आम्हीही आधी तेच केलं होतं. ते वाक्य तिनं पाठ केलं आणि चार दिवसांनी ‘खालची संख्या मोठी तर’ असं म्हणाली. तिला ताडून बघायला काही साधनच नव्हतं. खोली काढली असती तर निदान टेबल आठवलं असतं. आणि वेळेचं म्हणाल तर एकच गोष्ट चार विषयांत चार वेळा पाठ करण्यात जास्त वेळ जातोय असं मला वाटू लागलंय.

@रेखावृत्त सर, शनिवारी खोली मोजणार. मनापासून आभार.

परीक्षानळी

मी विज्ञान शिकवते, सहावी ते आठवी. सायंताराताई, तुमचं ‘एक अधिक चार’ वाचून लगेच लिहायला बसले. भागाचं भागाशी नातं आणि भागाचं पूर्णाशी नातं, या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. गोंधळाचं मूळ तिथे आहे. मी पहिल्याच तासाला दोन रंगांचे मणी आणते. दोन लाल, तीन निळे. लालांचं निळ्यांशी प्रमाण २:३, लालांचं एकूणातलं प्रमाण २/५ म्हणजे ४० टक्के. ‘कशाशी?’ आणि ‘कशात?’ हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय प्रमाण सांगायचंच नाही, असा आमच्या वर्गाचा नियमच आहे.

तो नियम लागू केला की पाठ केलेली वाक्यं ढासळतात. ‘आपण श्वासावाटे ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो’ हे सगळ्यांना येतं. मग मी विचारते, उच्छ्वासाच्या हवेत जास्त काय असतं, ऑक्सिजन की कार्बन डायऑक्साइड? सगळा वर्ग ‘कार्बन डायऑक्साइड’ म्हणतो. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि बाहेर येणाऱ्या हवेत सोळा-सतरा टक्के उरतोच. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे वाढतो शंभरपट, तरी ऑक्सिजनच्या चौथ्या हिश्शाएवढाच. ‘शंभरपट’ आणि ‘तरीही थोडाच’ ही दोन्ही विधानं एकदम खरी असू शकतात, हे कळताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. समुद्राच्या पाण्याचंही तसंच. एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार. तोंडात धरवत नाही इतकं खारट, आणि प्रमाण फक्त साडेतीन टक्के.

प्रमाणाचा आणखी एक अर्थ तुमच्या यादीत नाही, तो म्हणजे पुरावा. विज्ञानात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात आणि कधी कधी फसवतातही. फान हेल्मोंट या शास्त्रज्ञानं २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत घालून त्यात विलो नावाच्या झाडाचं ५ पौंडांचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी दिलं. झाड भरलं १६९ पौंड आणि वर थोडं. माती पुन्हा वाळवून तोलली, ती सुमारे दोन औंस कमी झालेली. हे त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापलं गेलं. मी इथवर सांगून थांबते आणि विचारते, मग झाडाचं १६४ पौंड वजन आलं कुठून? मुलं म्हणतात, पाण्यातून. हेल्मोंटही तेच म्हणाला होता. मोजमाप चोख, निष्कर्ष अपुरा. त्यानं हवा मोजलीच नव्हती. १७७१ मध्ये प्रीस्टलीनं बंद भांड्यात पुदिन्याचं रोप ठेवून दाखवलं की मेणबत्तीनं ‘खराब’ केलेली हवा झाड पुन्हा सुधारतं. १७७९ मध्ये इंगेनहाउझनं दाखवलं की त्याला उजेड लागतो. ‘प्रकाशसंश्लेषण’ या शब्दाची व्याख्या वहीत एका ओळीत असते. ती ओळ मिळायला शंभराहून अधिक वर्षं लागली, हे मुलांना कळावं असं मला फार वाटतं. तुमची लेक ‘कोणत्या विषयातलं?’ असं विचारते ना, तिला ही गोष्ट सांगून विचारा, यातलं कोणतं प्रमाण खरं ठरलं?

अनुस्वार

भाषेच्या बाजूनं लिहितो, कारण ‘एक शब्द की चार’ हा प्रश्न शेवटी आमच्या दारी यायचाच.

शब्द एकच आहे. मूळ संस्कृत धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. त्यातून मान, परिमाण, प्रमाण, अनुमान, उपमा. ज्यानं मोजायचं ते प्रमाण. त्यावरून ज्यानं एखादी गोष्ट खरी ठरते तेही प्रमाण, कारण खरं-खोटं हेसुद्धा कशावर तरी मोजूनच ठरवायचं. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. वरच्या मॅडमनी सांगितलेला पुराव्याचा अर्थ तो हाच. आणि आपण ज्याला ‘प्रामाणिक’ म्हणतो तो शब्दही याच घरातला. मुलांना हे सांगितलं की ती शब्दाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. सातवीच्या मुलाला धातू झेपत नाही असं समजू नका. शब्दांचे नातलग शोधायला त्यांना मनापासून आवडतं.

तिसरा अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवलेलं माप. प्रमाणवेळ आणि प्रमाणभाषा इथे येतात आणि या दोन्हींचं मला फार जिव्हाळ्याचं वाटतं.

प्रमाणवेळ आधी सांगतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. त्यामुळे प्रत्येक गावाची दुपार वेगळी. इंग्लंडात ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला सुमारे अडीच अंशांवर, म्हणून तिथली खरी दुपार दहा मिनिटं उशिरा. घोडागाडीच्या काळात याचं कोणाला काही वाटलं नाही. रेल्वे आली आणि वेळापत्रक छापणं अवघड झालं. तिथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४० मध्ये लंडनची वेळ सगळ्या मार्गावर लागू केली. देशाच्या कायद्यात ती यायला १८८० उजाडलं आणि १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिच हे मूळ रेखावृत्त ठरलं. आता मुलांना विचारा, ब्रिस्टलची दुपार चुकीची होती का? नव्हती. तिथला सूर्य तिथल्या डोक्यावर तेव्हाच येत होता, आजही येतो. फक्त दूरदूरच्या माणसांना एकाच वेळी स्टेशनवर भेटायचं होतं, म्हणून एक वेळ सगळ्यांनी मान्य केली.

यानंतर मी लगेच प्रमाणभाषेवर येतो. स्थानिक वेळ तशी बोली, प्रमाणवेळ तशी प्रमाणभाषा. आजी ‘पानी’ म्हणते आणि वहीत ‘पाणी’ लिहायचं असतं, म्हणून आजी चुकीचं बोलते असं मुलाच्या मनात बसतं. कधी कधी तर ते आजीला टोकायला लागतं. हे पाहून मला आतून दुखतं. आजीची दुपार आजीच्या सूर्याप्रमाणे आहे. लेखनात मात्र शेकडो कोसांवरच्या अनोळखी माणसाशी बोलायचं आहे, म्हणून ठरलेलं रूप वापरायचं. हे समजलेलं मूल प्रमाणलेखन जास्त नेटानं शिकतं. का शिकायचं ते त्याला कळलेलं असतं आणि घरचं टाकून द्यावं लागत नाही.

म्हणून ताई, ‘एक की चार’ याचं माझं उत्तर असं. एक घर, तीन खोल्या. मोजून केलेली तुलना, सगळ्यांनी ठरवलेलं माप आणि खरेपणाचा पुरावा. गणित, नकाशा आणि द्रावण पहिल्या खोलीत. वेळ आणि भाषा दुसरीत. तिसऱ्या खोलीत इतिहासवाल्यांनी यावं, मी त्यांची वाट बघतो.

गाळाचे थर

बोलावलंत म्हणून आलो. इतिहास शिकवतो. आमच्या पुस्तकात ‘प्रमाण’ हा शब्द कमी, ‘साधन’ आणि ‘पुरावा’ जास्त. भौतिक साधनं, लिखित साधनं, मौखिक साधनं. पण एके ठिकाणी पहिली आणि तिसरी खोली थेट जोडलेली आहे आणि तो उल्लेख पुस्तकात दीड ओळीत उरकतात. कार्बन-१४, म्हणजे कार्बनचाच एक प्रकार, जो आपोआप हळूहळू कमी होत जातो.

झाड किंवा प्राणी जिवंत असतो तोवर त्याच्यातल्या साध्या कार्बनशी कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास कायम राहतं, कारण नवा कार्बन आत येत असतो. जीव गेला की येणं थांबतं आणि आतला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. कोळशाच्या तुकड्यात ते प्रमाण निम्मं सापडलं तर ५,७३० वर्षं, चौथा हिस्सा सापडला तर ११,४६०. विलर्ड लिबी यांना याबद्दल १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे गुणोत्तर हाच पुरावा. इथे मुलं हमखास एक चूक करतात. निम्मं जायला ५,७३०, मग उरलेलं निम्मंही तेवढ्याच वेळात संपलं असेल, असं त्यांना वाटतं. कागदाची पट्टी घेऊन दर वेळी अर्धी दुमडायला लावा. पट्टी संपत नाही, फक्त लहान होत जाते. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतका कार्बन-१४ उरत नाही, म्हणून डायनोसॉरचं वय यानं निघत नाही.

आणि कालरेषा. ‘खूप वर्षांपूर्वी’ या दोन शब्दांत मुलं रोमन सम्राट आणि डायनोसॉर दोघांनाही शेजारी बसवतात. कालरेषा प्रमाणात काढा. १ सेंटिमीटर म्हणजे १०० वर्षं. बाकी मी काही सांगत नाही, करून बघा.

सायंतारा

नऊ दिवसांनी परत आले. सगळ्यांचं वाचलं, काही तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि बरंचसं केलं.

खोली शनिवारी झाली. १:५० चा आराखडा काढताना ती टेबलावरच्या माझ्या चश्म्यापर्यंत गेली. १:५०० ला आल्यावर पेन्सिलीला टोक करून आली, पुन्हा टोक करून आली आणि मग म्हणाली, “आई, नकाशा लहान प्रमाणाचा म्हणजे माझी खोली लहान झाली. संख्या मोठी झाली कारण ती खाली आहे.” मी काहीही सांगितलं नव्हतं. लाल फुलीचं पान तिनं स्वतः काढलं आणि शेजारी १/१०,००० > १/१०,००,००० असं लिहिलं. भूगोलाच्या वहीत गणिताचं चिन्ह पहिल्यांदाच आलं.

कालरेषेला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. पाठकोरे कागद कापून चिकटवत पट्टी केली. लेखनकलेची सुमारे ५,००० वर्षं म्हणजे ५० सेंटिमीटर. तिच्या इतिहासाच्या पुस्तकातली जवळजवळ सगळी प्रकरणं त्या अर्ध्या मीटरमध्ये मावली. शेतीची सुरुवात सव्वा मीटरच्या आत. आमची पट्टी घराच्या बोळात ६ मीटरवर संपली. ५ मीटरवर तिनं लाल रेघ मारून लिहिलं, ‘कार्बन इथपर्यंत’. आपल्यासारख्या माणसांची सुमारे ३ लाख वर्षं म्हणजे ३० मीटर. ती पावलं मोजत दाराबाहेर गेली, जिना उतरली आणि खालून ओरडली, “इथे!” मग वर येऊन बसली आणि डायनोसॉरचा हिशोब केला. ६ कोटी ६० लाख वर्षं, म्हणजे ६.६ किलोमीटर. पृथ्वीचा हिशोब ४५४ किलोमीटर. तो आकडा लिहून झाल्यावर ती बराच वेळ पट्टीच्या पहिल्या दोन सेंटिमीटरवर बोट ठेवून होती. मी विचारलं, काय बघतेस? “यात मी जेमतेम सव्वा मिलिमीटरची आहे,” म्हणाली. ती बारा वर्षांची आहे, १ मिलिमीटर म्हणजे दहा वर्षं. मी काही बोलले नाही, जवळ घेतलं.

@अनुस्वार सर, ब्रिस्टलची गोष्ट तिनं फोनवर माझ्या आईला सांगितली. गेल्या वर्षी हीच मुलगी तिच्या बोलण्यात चुका काढत होती. तिनं सांगितलं, “आजी, तुझी स्थानिक वेळ बरोबर आहे.” आईला काही कळलं नाही, पण ती खूप हसली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

@परीक्षानळी मॅडम, ‘कशाशी, कशात’ हे दोन शब्द मी आमच्या प्रयोगशाळेतल्या नोंदवहीच्या आतल्या पानावर लिहिलेत.

आता तिचा नवा प्रश्न, ज्याचं उत्तर मला आकड्यांत देता येतंय पण समजावता येत नाहीये. ‘खोली ५० पट लहान केली. मग कागदावरच्या अशा ५० खोल्या खऱ्या जमिनीवर मांडल्या तर खोली भरायला हवी. का भरत नाही?’

रेखावृत्त

ताई, हा प्रश्न ज्या मुलीला पडला तिला माझा नमस्कार सांगा.

लांबी ५० पट कमी झाली आणि रुंदीही ५० पट. कागदावरची खोली ४८ चौरस सेंटिमीटर, खरी १,२०,००० चौरस सेंटिमीटर. भागाकार २,५००. पण हे सांगू नका. आराखडा कापून जमिनीच्या एका कडेला लावा आणि तिला लांबीच्या बाजूनं किती बसतील ते सरकवत मोजू द्या. पन्नास येतील. मग विचारा, अशा किती ओळी?

ते झालं की पुढचं. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मर्केटर प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर काढायची एक पद्धत) असेल तर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतील, कारण ध्रुवांकडे जाताना त्या नकाशाचं प्रमाणच बदलत जातं. एकाच कागदावर अनेक प्रमाणं. तिला पृथ्वीगोलावर पातळ कागद ठेवून ग्रीनलंड गिरवायला सांगा, तो तुकडा कापा आणि गोलावरच्याच आफ्रिकेवर किती वेळा बसतो ते चौकटी मोजून काढा. आफ्रिका सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर, ग्रीनलंड २१ लाखांच्या थोडं वर. चौदाच्या आसपास यायला हवं. तिचं किती आलं ते इथे लिहा. बारा आलं किंवा सोळा आलं तरी लिहा, मग कागद कुठे सुरकुतला ते शोधू.